अथर्वशीर्षाची पुस्तिका स्वरांसकट टाइप करायची आहे? आधी हे वाचा

गेल्या भाद्रपदात आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या अथर्वशीर्ष मंडळासाठी मी एक छोटी पुस्तिका टाइप केली. दगडूशेठच्या गणपतीपुढे ऋषिपंचमीला पहाटे हजारो बायका एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात, त्यात आमच्याही बाराजणी असतात. प्रत्येकीच्या हातात वेगळी झेरॉक्स, कुणाची कडा कापलेली, कुणाची शाई उडालेली. म्हटलं, एकदाच नीट टाइप करू. मजकूर जेमतेम चार पानांचा. दोन संध्याकाळींचं काम, असं मी सगळ्यांना सांगून बसले.

लागले पाच आठवडे. अक्षरं दोन संध्याकाळींतच झाली होती. बाकीचा सगळा वेळ अक्षरांच्या वर-खाली येणाऱ्या बारीक रेघांनी खाल्ला. एवढं करून पहिल्या छपाईत तीनशे प्रतींमध्ये खालच्या रेघेच्या जागी चौकोन उमटले, तेव्हा ऋषिपंचमीला तीन दिवस उरले होते.

आजोबांची वही, पाठशाळेचं सूक्त, घरच्या पूजेची पोथी, काहीही स्वरांसकट संगणकावर आणायचं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. संस्कृत यायलाच हवं असं नाही. मलाही बेतास बातच येतं.

१. रेघ म्हणजे काय, ते आधी समजून घ्या

ऋग्वेदाच्या पद्धतीत अक्षराखाली आडवी रेघ आली की अनुदात्त, म्हणजे खालचा सूर; डोक्यावर उभी रेघ आली की स्वरित, म्हणजे वरून उतरणारा सूर. उदात्ताला, म्हणजे वरच्या सुराला, खूणच नसते. हे गुरुजींकडून ऐकलेलं असतं. संगणक त्याच रेघांकडे कसा बघतो, ते मात्र कुणी सांगत नाही.

संगणकाच्या लेखी 'ग॒' हे एक अक्षर नाही. 'ग' हा एक कोड आणि रेघ हा दुसरा, त्याच्या मागोमाग येणारा. दोघांना एकत्र आणून रेघ योग्य जागी बसवण्याचं काम फॉन्ट आणि प्रोग्रॅम मिळून करतात. काना, मात्रा, वेलांटी यांचंही असंच असतं, फक्त ती इतकी रोजची झाली आहेत की आपल्या लक्षात येत नाही.

युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी संगणकाची पद्धत. तीत या दोन खुणांचे क्रमांक असे आहेत:

वरची उभी रेघ, ◌॑ : ०९५१
खालची आडवी रेघ, ◌॒ : ०९५२

पहिला घोळ इथेच होतो. ०९५१ चं अधिकृत नाव 'उदात्त' असं ठेवलेलं आहे, आणि वापर बहुतेक ठिकाणी स्वरितासाठी होतो. नाव वाचून 'ही नव्हे, स्वरिताची वेगळी असेल' म्हणत मी अर्धा दिवस शोधत बसले होते. तुम्ही बसू नका. नाव चुकलेलं आहे, खूण बरोबर आहे.

शेजारीच ०९५३ आणि ०९५४ या क्रमांकांवर दोन तिरक्या रेघा आहेत. त्या युरोपीय पद्धतीचे आघात दाखवण्यासाठी ठेवल्या होत्या. वैदिक स्वरांशी त्यांचा संबंध नाही, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

२. आधी जमवायच्या गोष्टी

– भरवशाची मूळ प्रत. झेरॉक्सची झेरॉक्स नको; खालची रेघ आणि कागदावरचा डाग यांत फरक कळला पाहिजे.
– ज्यांना संथा (गुरूकडून पाठाचं शिक्षण) मिळालेली आहे असे एक गुरुजी किंवा घरातलं जाणतं माणूस. शेवटच्या पायरीला ते लागणारच.
– वर्ड किंवा लिब्रेऑफिस. लिब्रेऑफिस फुकट आहे आणि स्वरांच्या बाबतीत जुन्या वर्डपेक्षा शहाणं निघालं.
– मराठी कळफलक. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'लँग्वेज'खाली मराठी जोडलं की मिळतो. इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण कळरचना) येत नसेल तर विंडोज १० च्या २०१९ सालच्या अपडेटपासून 'मराठी फोनेटिक'ही आहे. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते.
– वैदिक खुणा असलेला फॉन्ट. त्याबद्दल खाली.
– एक रिकामा पेनड्राइव्ह आणि रोज फाइलला नवं नाव देण्याची सवय. 'अथर्वशीर्ष-फायनल-फायनल' चालणार नाही, तारीख घाला.

३. शाखा विचारा

आपला मजकूर कोणत्या वेदाच्या कोणत्या शाखेचा, म्हणजे पाठ-परंपरेचा, हे विचारायला पुष्कळजण लाजतात, मग पन्नास पानं झाल्यावर पस्तावतात. वर सांगितलेल्या दोन रेघा ऋग्वेदाला पुरतात. यजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेचा मजकूर असेल, उदाहरणार्थ रुद्र, तर काही ठिकाणी डोक्यावर दोन उभ्या रेघा असतात, म्हणजे दीर्घ स्वरित. त्याला स्वतंत्र क्रमांक आहे: १सीडीए. ०९५१ दोनदा टाइप करून ते भागवू नका. स्क्रीनवर कधीकधी जमल्यासारखं दिसतं आणि कागदावर एकावर एक चढतं. त्याच मजकुरात 'गुं' असा उच्चार होणारी अनुस्वाराची खूणही भेटेल, ती 'ꣳ' ही, क्रमांक ए८एफ३. सामवेदात अक्षरांवर १, २, ३ असे आकडे येतात आणि त्यांची रांग निराळीच, ए८ई० पासून.

यातलं दीर्घ स्वरित, 'ꣳ' आणि सामवेदाचे आकडे युनिकोडमध्ये आले २००९ साली, ५.२ या आवृत्तीत. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते असण्याची शक्यता नाही. साध्या दोन रेघा मात्र सुरुवातीपासून आहेत. म्हणजे चौकोन दिसला तर तो कोणत्या खुणेच्या जागी दिसतोय हे बघून फॉन्ट किती जुना याचा अंदाज येतो.

अथर्वशीर्षाच्या छापील पुस्तिकांत दोन्ही तऱ्हा सापडतात. कोणती घ्यायची ते तुमच्या गुरुजींनी ठरवायचं. तुम्ही नाही आणि मीही नाही.

४. फॉन्ट निवडा आणि त्याची परीक्षा घ्या

विंडोजबरोबर येणारा मंगल फॉन्ट र. कृ. जोशींनी घडवलेला आहे आणि रोजच्या मराठीसाठी उत्तम आहे. वैदिक मजकुरासाठी तो घेऊ नका. विंडोजमध्येच 'संस्कृत टेक्स्ट' नावाचा फॉन्ट आहे. तो दिसत नसेल तर सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' उतरवून घ्या. याशिवाय आयआयटी मुंबईचा शोभिका, गूगलचा नोटो, आणि पंडित मंडळींत चालणारे सिद्धान्त आणि संस्कृत २००३ हेही आहेत. मी शेवटी शोभिका वापरला. त्याचं वळण पोथीसारखं आहे आणि परवाना मुक्त आहे. पुस्तिका विकणार असाल तर कुठल्याही फॉन्टचा परवाना आधी वाचा, फुकट मिळतो म्हणजे विकायला चालतो असं नाही.

आता परीक्षा. नवीन फॉन्ट लावला की लगेच कामाला लागू नका. पुढच्या तीन ओळी त्यात टाकून बघा, अक्षर २८ पॉइंटचं ठेवा आणि छापून बघा. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका.

अ॒ग्निमी॑ळे पु॒रोहि॑तं य॒ज्ञस्य॑ दे॒वमृ॒त्विज॑म् ।

ऋग्वेदाची ही पहिलीच ओळ फॉन्टला चांगली सोलून काढते. 'मी॑' मध्ये दीर्घ वेलांटीच्या शेजारी उभी रेघ आहे, ती वेलांटीला चिकटता कामा नये. 'पु॒' मध्ये उकार आणि आडवी रेघ दोन्ही खालीच, तेव्हा रेघ उकाराच्या खाली उतरली पाहिजे, उकारातून आरपार जायला नको. आणि हो, 'ळे' आहे. वेदाच्या पहिल्या ओळीत आपला ळ बघून मला उगाच बरं वाटलं. कळफलक हिंदीचा असेल तर तिथे 'ल' पडलेला नाही ना, तेवढं बघा.

अ॒ग्निः पूर्वे॑भि॒र्ऋषि॑भि॒रीड्यो॒ नूत॑नैरु॒त ।

इथे 'र्वे॑'. डोक्यावर रफार, मात्रा आणि स्वर, तिघे एकाच बाकावर. पुढे 'र्ऋ', म्हणजे चक्क स्वराच्या डोक्यावर रफार. कच्चे फॉन्ट इथे 'र्' आणि 'ऋ' वेगळे काढून ठेवतात.

अ॒प्स्व१॒॑न्तर॒मृत॑म्

हा शेवटचा पेपर. मधला १ हा आकडा छापायची चूक नव्हे. स्वतंत्र स्वरितापुढे (आधीच्या उदात्तामुळे न आलेल्या स्वरितापुढे) लगेच उदात्त आला की तिथे कंप होतो, म्हणजे सूर थरथरतो, आणि तो दाखवायला ऱ्हस्वानंतर १ आणि दीर्घानंतर ३ लिहून त्या आकड्यालाच खाली आणि वर दोन्ही रेघा देतात. आकड्याला असल्या रेघा लागतील हे बऱ्याच प्रोग्रॅमना ठाऊक नसतं, ते मध्ये एक ठिपक्यांचं वर्तुळ आणून ठेवतात. तुमच्या मजकुरात कंप नसेल तर या ओळीत नापास झालेला फॉन्टही चालेल.

५. टाइप करण्याची पद्धत

प्रत्येक कळफलकावर या खुणांची जागा वेगळी. एकेक रेघ शोधत टाइप केलं तर महिना जाईल. मी तीन फेऱ्यांत केलं.

पहिली फेरी: सगळा मजकूर स्वरांशिवाय टाइप करा आणि तपासून घ्या. दंड म्हणून इंग्रजी कळफलकावरची उभी दांडी वापरू नका, '।' आणि '॥' ही देवनागरीतली वेगळी चिन्हं आहेत. '॥' हे एकच चिन्ह आहे, दोन '।' शेजारी ठेवून होत नाही. नाहीतर ओळीच्या शेवटी एक दांडी वर आणि एक खालच्या ओळीत जाते. 'ॐ' हेही एकच अक्षर. अवग्रहासाठी 'ऽ' वापरा, त्याच्यासारखं दिसतं म्हणून इंग्रजी एस नको. (हसू नका. आमच्या जुन्या पुस्तिकेत तोच होता.)

दुसरी फेरी: आता कळफलक इंग्रजी करा. जिथे वरची रेघ हवी त्या अक्षरानंतर '=' हे बरोबरचं चिन्ह टाका, जिथे खालची हवी तिथे '~' टाका. या दोन खुणा तुमच्या मजकुरात एरवी येत नाहीत ना, एवढं आधी शोधून घ्या. म्हणजे 'नम=स्ते ग~णप=तये' असं दिसेल. डोळ्यांना विचित्र दिसतं, पण मूळ प्रतीशी ताडून बघायला फार सोपं जातं, कारण खुणा ठळक असतात.

तिसरी फेरी: फाइलची प्रत करा. प्रतीत एका रिकाम्या ओळीवर इंग्रजी आकड्यांत ०९५१ टाइप करून लगेच आल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबा. आकड्यांच्या जागी रेघ येईल, बहुधा ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली. ते वर्तुळ मजकुराचा भाग नाही. रेघेला बसायला अक्षर नाही म्हणून प्रोग्रॅमने तात्पुरता पाट मांडला आहे, इतकंच. ती रेघ कॉपी करा, 'रिप्लेस'ची खिडकी उघडा, वरच्या चौकटीत '=' आणि खालच्या चौकटीत ती रेघ चिकटवून 'रिप्लेस ऑल' म्हणा. मग ०९५२ साठी तसंच. तीनशे रेघा दोन सेकंदांत बसतात. त्या दोन सेकंदांसाठी मी चहाचा कप हातात धरून बसले होते, तो विसरूनच गेले.

नम॑स्ते ग॒णप॑तये असं दिसलं की निम्मी लढाई झाली.

६. क्रम चुकवू नका

हे एकच कलम लक्षात राहिलं तरी पुरे. क्रम असा: व्यंजन, मग काना-मात्रा, मग अनुस्वार किंवा विसर्ग, आणि सगळ्यांत शेवटी स्वराची रेघ.

'प्र॒त्यक्षं॒' मधला 'क्षं॒' घ्या. आधी अनुस्वार, मग रेघ. 'नमः॑' मध्येही आधी विसर्ग, मग रेघ. हाताने लिहिताना आपण 'म' वर रेघ देतो आणि मग विसर्गाचे टिंब काढतो, म्हणून टाइप करतानाही हात तसाच जातो. तसं केलंत की अनेक प्रोग्रॅम विसर्गाच्या आधी ठिपक्यांचं वर्तुळ उभं करतात, कारण रेघेनंतर अक्षर संपलं असं ते धरून चालतात आणि मागून आलेला विसर्ग अनाथ होतो.

वरची दुसरी फेरी मी सांगितली तशी केलीत तर क्रम आपोआप बरोबर येतो, कारण बाणाची कळ दाबली की कर्सर पूर्ण अक्षराच्या पुढे जाऊन थांबतो. घाईत मध्येच बॅकस्पेस मारून दुरुस्त्या केल्या की बिघडतं.

क्रम बरोबर असूनही काही फॉन्टांत 'नमः॑' ची रेघ 'म' सोडून विसर्गाच्या डोक्यावर जाऊन बसते. तो फॉन्टचा दोष आहे, क्रम उलटा करून तो झाकू नका. फॉन्ट बदला.

७. वर्डमधल्या खोड्या

रेघ अर्धी कापलेली दिसते? ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' वर असेल. ते 'मल्टिपल' करून दीडपट ठेवा. स्वरांच्या मजकुराला जागा लागते. कागद वाचवायला गेलात तर वरच्या ओळीचा अनुदात्त खालच्या ओळीच्या रफारात घुसतो.

रेघ एका फॉन्टमध्ये आणि अक्षर दुसऱ्यात? तिसऱ्या फेरीत रिकाम्या ओळीवरून कॉपी केलेली रेघ कधीकधी स्वतःचा फॉन्ट घेऊन येते. मग ती अक्षराला चिकटत नाही, बाजूला लोंबते. सगळा मजकूर निवडा, कंट्रोल आणि डी दाबा, आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या चौकटीतला फॉन्टही तोच करा. वरच्या पट्टीवरचा फॉन्ट बदलला म्हणजे झालं असं नसतं.

आता लाल रेघांबद्दल. आमच्या मंडळातल्या एका काकूंचा आग्रह होता की स्वर लालच हवेत, त्यांच्या माहेरच्या पोथीत तसे होते. आग्रह अगदी बरोबर आहे. हातानं लिहिलेल्या कित्येक वैदिक पोथ्यांत स्वर लाल शाईनेच दिलेले असतात. वेदाचं हस्तलिखित कसं दिसतं याबद्दल पुण्यात राहून अनभिज्ञ असायचं कारणही नाही, भांडारकर संस्थेतली ऋग्वेदाची तीस हस्तलिखितं २००७ साली युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत गेली आहेत. पण लेखनिकाकडे दोन दौती होत्या. वर्डमध्ये एकट्या रेघेला वेगळा रंग दिला की माझ्याकडे रेघ अक्षरापासून सुटली आणि पुढच्या अक्षरावर जाऊन बसली. स्वर पुढच्या अक्षरावर गेला म्हणजे काय होतं ते इंद्रशत्रूच्या गोष्टीत आहे: त्वष्ट्याला हवा होता इंद्राला मारणारा, आघात सरकला आणि निघाला इंद्राच्या हातून मरणारा. मी काकूंना हीच गोष्ट सांगितली. पुस्तिका काळ्या रंगातच झाली.

८. बिघडलेलं दिसलं तर आधी प्रकार ओळखा

फाइल मेलने आली, दुसऱ्या मशीनवर उघडली आणि काहीतरी भलतंच दिसलं, की पहिला नियम: सेव्ह करू नका. बंद करा, आणि मग विचार करा.

चौकोन दिसतात: मजकूर शाबूत आहे, फॉन्टमध्ये ती खूण नाही. फॉन्ट घाला, काम झालं.

ठिपक्यांची वर्तुळं मजकुराच्या मध्ये दिसतात: क्रम चुकलाय, किंवा रेघ दोनदा पडलीय, किंवा प्रोग्रॅम जुना आहे. कर्सर रेघेच्या लगेच पुढे ठेवून आल्ट-एक्स दाबा, रेघेच्या जागी तिचा क्रमांक दिसेल. पुन्हा दाबलं की रेघ परत. संशयित रेघ खरी आहे की कुणी इंग्रजी अवतरणचिन्ह किंवा अंडरलाइन चिकटवली आहे, तेही असंच उघडं पडतं. (अंडरलाइन असेल तर क्रमांक येणारच नाही. आमच्या जुन्या फाइलीत सगळे अनुदात्त अंडरलाइनचे होते. फॉन्ट बदलला की राहायचे, व्हॉट्सॲपवर पाठवले की गायब.)

डोक्यावर तिरकी रेघ असलेला बारीक इंग्रजी ए ओळभर पुन्हा पुन्हा दिसतो, आणि त्याच्यामागे चार टोकांचं गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह: मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड फाइलीत साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं असतं. नेहमीच्या अक्षरांत पहिला बाइट कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५. जुन्या पाश्चात्त्य पद्धतीत २२४ म्हणजे तो रेघवाला ए, १६४ म्हणजे ते गोल चिन्ह आणि १६५ म्हणजे येन. आपल्या स्वरांच्या रेघा १६५ च्या घरात राहतात, म्हणून स्वर असलेल्या मजकुरात येन जास्त. फाइल उघडताना 'एन्कोडिंग' विचारलं जाईल तिथे यूटीएफ-८ निवडा. एखादी यादी एक्सेलमध्ये उघडायची असेल तर दुहेरी क्लिक करून उघडू नका. 'डेटा' मधून 'फ्रॉम टेक्स्ट' घ्या आणि मूळ प्रकार म्हणून ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८ च) निवडा.

नुसती प्रश्नचिन्हं: मजकूर गेला. कुणीतरी ती फाइल देवनागरी न कळणाऱ्या पद्धतीत, बहुधा नोटपॅडच्या 'एएनएसआय' मध्ये किंवा एक्सेलच्या साध्या सीएसव्हीत, सेव्ह केली. प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं गेलंय. कुठलाही फॉन्ट, कुठलाही जाणकार ते परत आणू शकत नाही. पेनड्राइव्हवरची कालची प्रत काढा.

९. जुनी फाइल हातात आली तर

पुण्यात ही वेळ येतेच. सीडॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था १९८८ साली इथेच सुरू झाली, श्रीलिपी हा मराठी फॉन्टांचा संच काढणारी मॉड्युलर इन्फोटेकही इथलीच, आणि पेठांतल्या डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षं त्या फॉन्टांत पोथ्या लावल्या. त्या काळच्या फॉन्टांत 'क' चं चित्र एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असे. फॉन्ट असेपर्यंत मराठी, फॉन्ट काढला की इंग्रजी अक्षरांची गिचमीड. त्यावर कन्व्हर्टर मिळतात आणि साध्या मजकुराला ते बरं काम देतात. स्वरांच्या रेघा मात्र प्रत्येक फॉन्टात वेगळ्या जागी असत, कधी एकाच रेघेची तीन-चार चित्रं, रुंद अक्षराला एक, अरुंद अक्षराला दुसरं. मला मिळालेल्या फाइलीतल्या सगळ्या रेघा कन्व्हर्टरने गिळल्या आणि वर काही जागी नको ते विसर्ग सोडले. जुन्या फाइलीतून फक्त अक्षरं घ्या, स्वर पाचव्या कलमाप्रमाणे नव्याने द्या. ते जास्त लवकर होतं.

१०. छापखान्यात देताना

माझे चौकोन आले ते इथे. नारायण पेठेतल्या एका छापखान्याला मी वर्डची फाइल दिली. त्यांच्या मशीनवर शोभिका नव्हता, प्रोग्रॅमने दुसरा फॉन्ट लावला, अक्षरं साधली आणि रेघा फसल्या. 'प्रूफ बघून जा' असं ते म्हणाले होते. मी म्हटलं, घरी बघितलंय. तेव्हा त्यांना बोल लावायला मला तोंड नाही.

पीडीएफ द्या. वर्डमधून 'सेव्ह ॲज' करून पीडीएफ केली की फॉन्ट आतच जातो. ते कोरलड्रॉमध्ये घेणार असतील तर 'मजकूर कर्व्ह म्हणून, म्हणजे अक्षरांची चित्रं करून, घ्या' असं बजावून सांगा. मजकूर म्हणून घेतला की जोडाक्षरं सुटी होतात. इनडिझाइनमध्ये नव्याने लावणार असतील तर परिच्छेदाच्या मेनूत 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' चालू आहे का ते विचारा. पेजमेकर म्हणाले तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा, त्याला युनिकोड कळतच नाही. व्हॉट्सॲपवर मैत्रिणींना पाठवायचं असलं तरीही पीडीएफच. प्रत्येक फोनचा फॉन्ट वेगळा असतो.

वर्डची मूळ फाइल जपून ठेवा. पीडीएफमधून मजकूर पुन्हा कॉपी केला तर रेघा जागेवर राहतील याचा भरवसा नाही. आणि स्वर काढून टाकलेली एक प्रतही ठेवा: स्वरांच्या मजकुरात 'गणपतये' शोधलंत तर सापडणार नाही, कारण मध्ये दोन रेघा आहेत.

११. शेवटचं प्रूफ कानाने

छापील प्रूफ घेऊन गुरुजींसमोर बसा. त्यांना पाठ म्हणू द्या, तुम्ही बोट ठेवून रेघा बघा. आमच्या गुरुजींची मान अनुदात्ताला खाली जाते. मान गेली आणि कागदावर रेघ नाही, की पेन्सिलीने खूण करायची. डोळ्यांनी तीनदा तपासलेल्या मजकुरात अशा अकरा खुणा झाल्या. नऊ माझ्या होत्या. उरलेल्या दोन जागी मी मूळ छापील प्रतीप्रमाणेच टाइप केलं होतं, त्यामुळे मी वाद घातला. गुरुजींनी वाद घातला नाही. त्यांनी माझ्या सासऱ्यांची वही मागवली, पान उघडलं आणि बोट ठेवलं. तिथे दोन्ही जागी रेघ होती, लाल.

दुसरी छपाई आदल्या रात्री साडेनऊला हातात पडली. चौकोनवाल्या तीनशे प्रती अजून माळ्यावर आहेत. पाठकोऱ्या आहेत, वाणसामानाच्या यादीला चालतात.